ताट भरलेले, पण पोषण पुरेसे? आहाराचा समतोल तपासण्याची रीत

भारताबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आज स्वयंपाकाच्या जिन्नसांची वानवा क्वचितच भासते. लंडनमधील वेंब्ली असो, न्यू जर्सीतील एडिसन असो वा बर दुबई, ज्वारीच्या पिठापासून कोकमापर्यंत बहुतेक सारे दुकानात मिळते. तरीही पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभराचे उष्मांक पुरेसे असतानाही प्रथिने, लोह, कॅल्शियम, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व यांची तूट राहू शकते. ही तूट भुकेसारखी जाणवत नाही. थकवा, केस गळणे, हातापायांना मुंग्या येणे अशी लक्षणे दिसू लागेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो आणि तोवर त्यांचे खापर कामाच्या ताणावर फोडले जाते. बी-१२ ची तूट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास मज्जातंतूंना होणारी इजा नेहमीच पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणूनच आपला आहार समतोल आहे की नाही, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा पद्धतशीरपणे तपासून पाहणे हिताचे ठरते.

समतोल म्हणजे नेमके काय?

समतोल आहाराच्या कल्पनेत चार अटी अंतर्भूत आहेत. पहिली पर्याप्ततेची: प्रत्येक आवश्यक घटक गरजेइतका मिळाला पाहिजे. दुसरी प्रमाणाची: कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचा उष्मांकांतील वाटा योग्य असला पाहिजे. तिसरी संयमाची: मीठ, साखर आणि संपृक्त स्निग्ध पदार्थ मर्यादेत राहिले पाहिजेत. चौथी विविधतेची, कारण कोणताही एक पदार्थ सर्व घटक पुरवू शकत नाही.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. मद्यातील अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ किलोकॅलरी असतात. पोषणमूल्य मात्र जवळजवळ नसते. आठवड्याच्या अखेरीस होणाऱ्या मेजवान्यांचा हिशेब करताना हा शेवटचा आकडा बहुधा विसरला जातो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहारमार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात २००० किलोकॅलरींच्या आहाराचे एक नमुना ताट दिले आहे. त्यात दिवसाला तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. धान्य व डाळींचे हे वजन कोरडे, शिजवण्यापूर्वीचे आहे. या ताटाचे वैशिष्ट्य असे की, तृणधान्यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या निम्म्याहून कमी आहेत. बहुतेक मराठी घरांत पोळी आणि भात मिळून हा वाटा याहून बराच मोठा असतो.

शिफारशीतले आकडे कसे वाचावेत?

पोषणाच्या कोष्टकांत तीन प्रकारचे आकडे आढळतात आणि त्यांची गल्लत झाली तर निष्कर्ष चुकतात. पहिला आकडा सरासरी गरजेचा. निरोगी लोकांपैकी निम्म्यांची गरज त्याने भागते. दुसरा शिफारशीचा, ज्याला अमेरिकेत व भारतात ‘आरडीए’ आणि ब्रिटनमध्ये ‘आरएनआय’ म्हणतात. तो सरासरी गरजेपेक्षा मुद्दाम वर ठेवलेला असतो, जेणेकरून जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे ९७ टक्के निरोगी लोकांची गरज भागावी. तिसरा आकडा कमाल मर्यादेचा. त्यापलीकडे रोज सेवन केल्यास अपाय संभवतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. एखाद्याचे सेवन शिफारशीपेक्षा थोडे कमी असले म्हणजे त्याला अभावाचा विकार जडलाच असे नव्हे. मात्र ते सरासरी गरजेच्याही खाली असेल, तर तूट असण्याचा संभव निम्म्याहून अधिक ठरतो.

देशोदेशीचे आकडे वेगळे का, असा प्रश्नही पडतो. तरुण व मध्यमवयीन स्त्रियांसाठी लोहाची दैनंदिन शिफारस अमेरिकेत १८, ब्रिटनमध्ये १४.८ आणि भारतात २९ मिलिग्रॅम आहे. भारतीय स्त्रीचे शरीर निराळे असते म्हणून हा फरक पडत नाही. धान्यप्रधान आहारातून लोहाचे शोषण कमी होते, हे भारतीय आकड्यात गृहीत धरलेले आहे. अमेरिकी शिफारशीतही शाकाहारी व्यक्तींनी लोहाची गरज १.८ पट धरावी असे सांगितले आहे. साहजिकच, परदेशात राहूनही ज्यांचे जेवण मुख्यत्वे पोळी-भाजी-वरण-भात असेच आहे, त्यांनी स्थानिक आकडा जसाच्या तसा लावणे योग्य नाही.

पहिली चाचणी: गटांची मोजणी

सर्वांत सोपी तपासणी वजनकाट्याशिवाय होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांच्या आहारातील विविधता मोजण्यासाठी अन्नपदार्थांचे दहा गट केले आहेत:

१. धान्ये व कंदमुळे
२. डाळी व कडधान्ये
३. सुकामेवा व तेलबिया
४. दूध व दुग्धजन्य पदार्थ
५. मांस व मासे
६. अंडी
७. हिरव्या पालेभाज्या
८. गाजर, लाल भोपळा, आंबा यांसारखी अ जीवनसत्त्वयुक्त फळे व भाज्या
९. इतर भाज्या
१०. इतर फळे

मागील चोवीस तासांत यांपैकी किमान पाच गट खाण्यात आले असतील, तर सूक्ष्म घटक पुरेसे मिळण्याची शक्यता वाढते. हा निकष मुळात लोकसमूहांसाठी आहे, एका व्यक्तीच्या निदानासाठी नाही. तरी घरातल्या घरात दिशा समजण्यास तो उपयोगी पडतो. बटाटा येथे भाजीत धरला जात नाही. तो कंदमुळांत, म्हणजे भात-पोळीच्याच गटात मोडतो. पोळी आणि बटाट्याची भाजी असा डबा नेणाऱ्याच्या खाती त्या जेवणापुरता एकच गट जमा होतो.

दुसरी चाचणी: तीन दिवसांची नोंद

अधिक नेमके उत्तर हवे असेल तर आहाराची नोंदवही ठेवावी. कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक असे तीन दिवस निवडावेत, कारण परदेशातील नोकरदार कुटुंबांत या दोहोंचा आहार पुष्कळदा पूर्णपणे भिन्न असतो. नोंद करताना पुढील पथ्ये पाळावीत.

नोंद खाताक्षणी करावी, रात्री आठवून नव्हे. चहासोबतची बिस्किटे, कार्यालयातील केकचा तुकडा, मुलांच्या ताटातले उरलेले दोन घास आठवणीतून हमखास निसटतात. लोक स्वतःचे खाणे प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतात, हे आहारविषयक संशोधनात वारंवार दिसून आलेले आहे.

धान्य आणि डाळी कच्च्या वजनाने मोजाव्यात. एक वाटी वरणात किती पाणी आहे, यावर त्याचे पोषणमूल्य ठरते. घट्ट वरणाच्या वाटीत ३० ग्रॅम डाळ असेल, तर पातळ वरणाच्या तेवढ्याच वाटीत १५ ग्रॅमच असू शकते. कुकरमध्ये लावलेली डाळ तोलून ती जेवणाऱ्यांच्या संख्येने भागणे ही खात्रीची रीत आहे.

तेलाचा हिशेब फोडणीच्या चमच्याने करू नये. महिनाभरात घरात संपलेले तेल, तूप आणि लोणी यांच्या वजनाला माणसांच्या संख्येने व तीसने भागले की माणशी रोजचा आकडा मिळतो. मिठासाठीही हीच युक्ती चालते. मात्र लोणची, पापड, पाव व तयार पदार्थ यांतील मीठ वेगळे धरावे लागते.

पोषणमूल्यांसाठी विश्वसनीय कोष्टके उपलब्ध आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण आहे. अमेरिकी कृषी खात्याचा ‘फूडडेटा सेंट्रल’ हा संग्रह विनामूल्य पाहता येतो. मोबाइलवरील अॅपमध्ये ‘उसळ’ किंवा ‘थालीपीठ’ शोधून मिळणारे आकडे बहुधा कुणा वापरकर्त्याने भरलेले असतात. त्यापेक्षा घटक पदार्थ कच्च्या वजनाने वेगवेगळे भरणे अधिक भरवशाचे.

एका दिवसाचा हिशेब

उदाहरणादाखल ६० किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या शाकाहारी स्त्रीचा एक दिवस घेऊ. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे (५० ग्रॅम पोहे, १० ग्रॅम शेंगदाणे). दुपारी तीन पोळ्या (९० ग्रॅम कणीक) आणि बटाट्याची भाजी (१५० ग्रॅम बटाटा). दिवसभरात दोन कप चहा, त्यात मिळून १०० मिलिलिटर दूध, आणि सोबत चार बिस्किटे. रात्री भात (७५ ग्रॅम तांदूळ), वरण (२५ ग्रॅम तूरडाळ), कोबीची भाजी (१०० ग्रॅम) आणि अर्धी वाटी दही. तेल, तूप व साखर धरून हा आहार सुमारे १६५० किलोकॅलरींचा होतो. उष्मांकांच्या दृष्टीने तो पुरेसा आहे.

आता प्रथिने पाहू. पोहे-शेंगदाण्यांतून सुमारे ६ ग्रॅम, चहातील दुधातून ३, पोळ्यांतून साडेनऊ, बटाट्यातून २, बिस्किटांतून २, भातातून ६, वरणातून साडेपाच, कोबीतून दीड आणि दह्यातून अडीच ग्रॅम; एकूण सुमारे ३८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या व भारतीय शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे येथे ५० ग्रॅम. दर किलोमागे ०.६६ ग्रॅम या सरासरी गरजेनुसारही ४० ग्रॅम लागतात. म्हणजे हे सेवन सरासरी गरजेपेक्षाही किंचित कमी आहे. कॅल्शियम सुमारे ३५० ते ४०० मिलिग्रॅम भरते. शिफारस अमेरिकेत व भारतात १०००, ब्रिटनमध्ये ७०० मिलिग्रॅम आहे. लोह सुमारे १० मिलिग्रॅम. बी-१२ जेमतेम ०.७ मायक्रोग्रॅम, शिफारस अमेरिकेत २.४, ब्रिटनमध्ये १.५ मायक्रोग्रॅम. ड जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. फळ एकही नाही.

आता यात दोनच बदल करू. बटाट्याच्या भाजीऐवजी मोड आलेल्या मुगाची उसळ (४० ग्रॅम कोरडे मूग) आणि बिस्किटांऐवजी पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दूध. उष्मांक जवळपास तेवढेच राहतात. प्रथिने मात्र ५० ग्रॅमच्या घरात जातात. कॅल्शियम ६०० मिलिग्रॅमच्या पुढे सरकते. बी-१२ सुमारे १.६ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे ब्रिटिश शिफारस गाठते, अमेरिकी गाठत नाही. लोहात मात्र फारसा फरक पडत नाही आणि ड जीवनसत्त्वाचा प्रश्न तसाच राहतो. काही उणिवा ताटातील अदलाबदलीने भरून निघतात, काहींसाठी निराळा उपाय लागतो. कोणती उणीव कोणत्या प्रकारची, हे अशा हिशेबानेच उलगडते.

वारंवार कमी पडणारे घटक

*प्रथिने.* तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भात किंवा भाकरी-पिठले ही जोडी म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. उणीव असते ती डाळीच्या मात्रेत. उपवासाच्या दिवशी तर हा तोल अधिकच ढळतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतली प्रथिने येतात ती शेंगदाण्याच्या कुटातून.

*लोह.* वनस्पतिजन्य लोहाचे शोषण मुळातच कमी. त्यात जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा-कॉफी घेतल्यास ते आणखी घटते. उलट क जीवनसत्त्वामुळे ते वाढते. ताटाच्या डाव्या बाजूची लिंबाची फोड हा केवळ चवीचा भाग नव्हे. कडधान्यांना मोड आणणे, पीठ आंबवणे या क्रियांनी लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते.

*बी-१२.* हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच खात्रीने मिळते. स्पिरुलिना किंवा आंबवलेले वनस्पतिजन्य पदार्थ यांवर विसंबता येत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. कटाक्षाने शाकाहारी, त्यातही दूध न घेणाऱ्या व्यक्तींनी बी-१२ मिसळलेले अन्नपदार्थ किंवा पूरक गोळी घेणे आवश्यक ठरते.

*ड जीवनसत्त्व.* ते मुख्यतः त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात तेथील ऊन त्यासाठी पुरत नाही. त्यामुळे तेथील आरोग्य यंत्रणा त्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम पूरक मात्रेचा विचार करावा असे सुचवते. दक्षिण आशियाई वंशाच्या, सावळ्या वर्णाच्या लोकांसाठी हा सल्ला वर्षभराचा आहे. आखातात ऊन मुबलक असूनही वातानुकूलित घर, गाडी आणि कार्यालय यांतच दिवस जात असल्याने ही तूट तेथेही मोठ्या प्रमाणात आढळते. अमेरिकेत बहुतेक दुधात ड जीवनसत्त्व मिसळलेले असते. ब्रिटनच्या साध्या दुधात सहसा नसते. देश बदलला की दुधाच्या बाटलीवरील मजकूर पुन्हा वाचणे म्हणूनच गरजेचे.

*कॅल्शियम आणि आयोडीन.* दूध न चालणाऱ्यांसाठी नाचणी हा उत्तम पर्याय आहे; १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. न सोललेले तीळही या बाबतीत समृद्ध आहेत. आयोडीनचा विचार मात्र क्वचितच होतो. भारतात ते मिठातून मिळते. ब्रिटनमध्ये साधे मीठ बहुधा आयोडीनयुक्त नसते आणि दूध हाच मोठा स्रोत असतो. अशा वेळी गाईच्या दुधाऐवजी ओट किंवा बदामाचे दूध आणि मिठाऐवजी सैंधव असे दोन्ही बदल एकत्र केले, तर आयोडीन सहज कमी पडू शकते.

जे अधिक होते त्याचेही माप

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि मुक्त साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. तयार पदार्थांच्या वेष्टनावरील माहिती येथे कामी येते. अमेरिकी वेष्टनावर ‘दैनंदिन मूल्या’ची टक्केवारी असते, ५ टक्के किंवा कमी म्हणजे अल्प, २० टक्के किंवा अधिक म्हणजे भरपूर. ही टक्केवारी एका ‘सर्व्हिंग’ची असते आणि पाकिटात अशा तीन-चार सर्व्हिंग असू शकतात. ब्रिटनमध्ये लाल, पिवळा व हिरवा रंग १०० ग्रॅमच्या हिशेबाने लावतात; १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमहून अधिक मीठ, साडेबावीस ग्रॅमहून अधिक साखर किंवा ५ ग्रॅमहून अधिक संपृक्त स्निग्ध पदार्थ असल्यास लाल. फरसाण, तयार चटण्या व गोठवलेले पराठे या कसोटीवर एकदा तरी पाहावेत. वेष्टनावर सोडियम दिले असेल तर त्याला अडीचने गुणल्यास मिठाचा आकडा मिळतो.

शरीर आणि रक्त काय सांगतात?

नोंदवही सेवन सांगते. शरीरात प्रत्यक्ष काय पोहोचले, हे रक्ततपासणी सांगते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व या तपासण्या त्यासाठी उपयुक्त आहेत. मात्र त्यांच्याही मर्यादा आहेत. शरीरात दाह किंवा संसर्ग असल्यास फेरिटिन खोटेच चढलेले दिसते. रक्तातील कॅल्शियम सामान्य आले म्हणून आहारात ते पुरेसे आहे असा अर्थ होत नाही. ते कमी पडले तर शरीर हाडांतून काढून रक्तातील पातळी राखते.

वजनाचा निकषही दक्षिण आशियाई लोकांसाठी वेगळा आहे. बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की धोका वाढू लागतो आणि २७.५ ला तो मोठा मानला जातो. सर्वसाधारण मर्यादा अनुक्रमे २५ व ३० अशा आहेत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे ‘दिसायला सडपातळ, पण चरबी अधिक’ असा भारतीय शरीराचा विशेष जगापुढे आला. सडपातळ दिसणारी व्यक्ती सुपोषित आहे, हे गृहीतक त्यामुळेच फसवे ठरते.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

गर्भधारणेचा विचार, वाढत्या वयाची मुले, साठीनंतरचा काळ, मधुमेह वा मूत्रपिंडाचे विकार आणि अकारण घटणारे वजन अशा प्रसंगी स्वतःचा हिशेब पुरेसा नसतो. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने वाढवणे अपायकारकही ठरू शकते. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, ही शिफारस सर्वत्र मान्य आहे. परंतु फोलिक आम्लाने बी-१२ च्या तुटीमुळे होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, म्हणून शाकाहारी स्त्रियांनी बी-१२ ही तपासून घ्यावे. पूरक गोळ्यांनाही कमाल मर्यादा असते. प्रौढांसाठी ड जीवनसत्त्वाची ती रोज १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४००० युनिट आहे. ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, ‘न्यूट्रिशनिस्ट’ नाही. अमेरिकेत ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ अशी नोंदणी पाहावी. तीन दिवसांची नोंदवही आणि अलीकडील रक्ततपासणीचे अहवाल सोबत नेल्यास पहिल्याच भेटीत नेमका सल्ला मिळू शकतो.

अशी तपासणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा केली तरी पुरे. ऋतूबरोबर ऊन, भाज्या आणि भूक बदलते. नोकरी, देश किंवा घरातील माणसे बदलली की ताटही बदलते. अशा प्रत्येक बदलानंतर हा हिशेब नव्याने मांडावा.